हंगामाचा लांबचा प्रवास : महामार्गाने की मोटारी वाहणाऱ्या रेल्वेने?
रत्नागिरीच्या व्यापाऱ्याने मांडावयाचा हिशेब

आंब्याचा हंगाम जवळ आला की रत्नागिरीच्या व्यापाऱ्याचे पाय घरात ठरत नाहीत. कोणी पेट्या घेऊन वाशीला जातो, कोणी पुण्याच्या मार्केट यार्डात, कोणी कोल्हापूर-बेळगावकडे. काजूगरवाले आणि मसालेवाले गोव्याचा रस्ता धरतात. मासळीवाल्यांची गोष्ट निराळी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि जाळी-इंजिनाची कामे, वसुली, नव्या गिऱ्हाइकांच्या गाठीभेटी हे सगळे ते याच दोन महिन्यांत उरकतात. सुतार, शिंपी, भरतकाम करणारे कारागीर उरूस-जत्रा आणि लग्नसराई पाहून बाहेर पडतात. मुंबईहून गावी येणाऱ्या आपल्या कुटुंबांची वर्दळ असते ती वेगळीच.

या सर्वांचा एकच प्रश्न गेल्या गणपतीपासून आमच्याकडे वारंवार येत आहे. कोकण रेल्वेने मोटारगाड्या रेल्वेवर चढवून नेण्याची सोय सुरू केल्याचे सर्वांनी ऐकले. मग पाच-सहाशे किलोमीटर गाडी चालवून कंबर मोडून घेण्यापेक्षा ती रेल्वेवर चढवावी आणि आपण डब्यात झोपून जावे, हे परवडेल काय?

प्रश्न रास्त आहे. परंतु रत्नागिरीच्या माणसासाठी त्याचे उत्तर मुंबईकराच्या उत्तरासारखे नाही, आणि जाहिरातीतील आकडे वाचून घाईने बेत केला तर हंगामाच्या नफ्यातले दहा-बारा हजार रुपये नुसते वाहतुकीत जातील.

ही सोय नेमकी काय आहे?

मूळ कल्पना नवीन नाही. कोकण रेल्वेने १९९९ साली कोलाड (जिल्हा रायगड) ते वेर्णा (गोवा) या टप्प्यात मालाने भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवून नेण्यास सुरुवात केली. तिला 'रो-रो' म्हणतात. ट्रक स्वतःच्या चाकांवर उतारावरून वॅगनवर चढतो आणि मुक्कामी तसाच उतरतो. माल उतरवणे-चढवणे नाही, हमाली नाही. ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच बसून जातात. देशातील ही अशी पहिलीच सेवा होती. २००४ साली ती पुढे कर्नाटकातील सुरतकलपर्यंत वाढविण्यात आली आणि २००९ पर्यंत सुमारे एक लाख साठ हजार ट्रक या मार्गे गेले. डिझेल वाचते, टायर वाचतात, घाटातील अपघाताची धास्ती नाही, हे ट्रकमालकांनी हिशेब करूनच मान्य केले.

खासगी मोटारींसाठी हीच सोय २०२५ च्या गणेशोत्सवात प्रथम करण्यात आली. पहिली गाडी २३ ऑगस्ट २०२५ रोजी कोलाडहून निघाली. मार्ग तोच, कोलाड ते वेर्णा. मागाहून मागणीवरून सिंधुदुर्गातील नांदगाव येथे थांबा देण्यात आला. एका फेरीत ४० मोटारी, म्हणजे २० वॅगन आणि प्रत्येकीवर दोन. कोलाड ते वेर्णा एका मोटारीचे भाडे ७,८७५ रुपये, नांदगावपर्यंत ५,४६० रुपये, दोन्हींत ५ टक्के जीएसटी धरलेला. नोंदणीच्या वेळी ४,००० रुपये भरावयाचे, उरलेले प्रवासाच्या दिवशी. एका मोटारीमागे जास्तीत जास्त तीन माणसे. ती मोटारीत बसू शकत नाहीत, त्यांनी जोडलेल्या डब्यातून जावयाचे, आणि त्याचे तिकीट वेगळे : तृतीय वातानुकूलितचे ९३५ रुपये, द्वितीय श्रेणी बैठकीचे १९० रुपये. कोलाडला दुपारी दोनपर्यंत मोटार आणून द्यावयाची, गाडी सुटणार संध्याकाळी पाच वाजता आणि वेर्ण्याला पोहोचणार दुसऱ्या दिवशी पहाटे.

आणि एक अट, जी बहुतेकांनी वाचलीच नाही : एका फेरीला १६ पेक्षा कमी मोटारींची नोंदणी झाली तर ती फेरी रद्द व्हायची आणि पैसे परत मिळायचे. पैसे परत मिळतात, परंतु पेट्या भरून, माणसे नेमून, गिऱ्हाइकाला तारीख देऊन ठेवलेल्या व्यापाऱ्याला पैशापेक्षा तो दिवस महत्त्वाचा असतो. प्रत्यक्षात पहिल्या हंगामात प्रतिसाद अपेक्षेपेक्षा बराच कमी होता.

वरील दर व वेळा २०२५ च्या त्या हंगामापुरत्या होत्या. पुढील हंगामाचा बेत करताना कोकण रेल्वेकडे चौकशी करून त्या वेळचे दर लेखी घ्यावेत. आम्ही ते येथे देत आहोत ते हिशेब कसा मांडावा हे दाखविण्यासाठी.

आता पैशाचा हिशेब

समजा दोघे जण एक मोटार घेऊन कोलाडहून वेर्ण्याला निघाले आहेत. रस्त्याने हे अंतर सुमारे ४३० किलोमीटर. मोटार लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरले तर साधारण २९ लिटर पेट्रोल लागेल. लिटरला १०४ रुपये धरा, म्हणजे इंधनाचे तीन हजार रुपये. रेल्वेने गेल्यास मोटारीचे ७,८७५ आणि दोन वातानुकूलित तिकिटांचे १,८७० मिळून ९,७४५ रुपये होतात. बैठकीच्या डब्यात बसलात तर ८,२५५. म्हणजे एका बाजूला पाच ते पावणेसात हजार रुपये जास्त. रस्त्यावरील टोल, चहापाणी आणि टायरची झीज यांचे हजार-पंधराशे वजा घातले तरी जाऊन-येऊन आठ ते अकरा हजारांचा फरक राहतोच.

वेळेचे म्हणाल तर दुपारी दोनला मोटार दिली आणि पहाटे पाचच्या सुमारास हाती आली, म्हणजे पंधरा तास गेले. रस्त्याने हेच अंतर साध्या दिवसांत नऊ-दहा तासांत कापता येते. या सेवेची माहिती देताना रस्त्याने वीस-बावीस तास लागतात असे सांगितले जात होते. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत, माणगाव-इंदापूरला वाहने एकामागे एक थटून उभी असताना, ते खरेही असेल. परंतु एप्रिलमधल्या मंगळवारी रात्री ते खरे नाही. तेव्हा रेल्वेने वेळ वाचतो असे सरसकट म्हणता येणार नाही. खात्रीने वाचते ती चालकाची झोप, आणि हिची किंमत कमी समजू नये. दिवसभर बाजारात उभे राहून रात्रभर गाडी हाकणारा माणूस पहाटे चारला घाटात डुलकी घेतो, हे कोकणातील प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

अमेरिकेत अशीच एक गाडी आहे. व्हर्जिनिया राज्यातील लॉर्टन येथून फ्लोरिडातील सॅनफर्डपर्यंत माणसे आणि त्यांच्या मोटारी एकाच गाडीतून जातात. अंतर सुमारे १,३७५ किलोमीटर, एक रात्र. १९७१ साली एका खासगी कंपनीने ती सुरू केली, ती बुडाली, आणि १९८३ पासून अ‍ॅमट्रॅक ही सरकारी पाठबळाची संस्था ती चालवते. थंडीचे चार महिने उबदार प्रदेशात काढणारी वयस्क मंडळी तिचे मोठे गिऱ्हाईक. ती गाडी टिकली याचे कारण आमच्या मते अंतर. चौदाशे किलोमीटर मोटार हाकायची तर मध्ये एक मुक्काम, हॉटेल, दोन दिवसांचे जेवण हे सगळे येते, आणि तिकडे गेल्यावर कित्येक महिने स्वतःची मोटार हवी असते. चारशे किलोमीटरला हे गणित जुळणे कठीण. ट्रकची रो-रो येथे वर्षानुवर्षे चालली आणि मोटारींची पहिल्याच हंगामात अडखळली, ती याच फरकामुळे. ट्रक घाटातून रखडत जातो, डिझेल खूप खातो आणि सुरतकलपर्यंत सुमारे ७२० किलोमीटर जातो.

रत्नागिरीकराची खरी अडचण

आता नकाशा समोर घ्या. कोलाड रत्नागिरीपासून रस्त्याने दोनशे किलोमीटरहून थोडे अधिक, उत्तरेस. नांदगाव शंभर किलोमीटरच्या आसपास, दक्षिणेस. मध्ये रत्नागिरी, जिथे मोटारी चढवण्या-उतरवण्याचा थांबा २०२५ च्या त्या सेवेत नव्हता.

मुंबईला जायचे असेल तर रेल्वेसाठी आधी शंभर किलोमीटर उलट दिशेला नांदगावला जावे लागेल. तिथे ताटकळायचे, मग रात्री आपल्याच गावावरून गाडी जाणार, आपण खिडकीतून रत्नागिरी स्टेशनचे दिवे पाहणार, आणि पहाटे कोलाडला उतरून पुन्हा शंभर-सव्वाशे किलोमीटर मुंबईपर्यंत गाडी हाकणार! याला कोणी प्रवासाचे नियोजन म्हणणार नाही. गोव्याला जायचे तर नांदगाव गाठेपर्यंत निम्मी वाट सरलेली असते.

म्हणून आमचा पहिला सल्ला सरळ आहे. हिशेब स्टेशनापासून नव्हे, आपल्या दारापासून मांडावा. रत्नागिरी, लांजा, राजापूर, संगमेश्वर येथील व्यापाऱ्याने आपल्या मोटारीसाठी किंवा छोट्या टेम्पोसाठी सध्या ही गाडी डोळ्यांसमोर ठेवू नये. खेड-मंडणगडकडील मंडळींना कोलाड जवळ पडते. त्यांना गोव्यात आठ-पंधरा दिवस राहून धंदा करावयाचा असेल, सोबत वयस्क आई-वडील असतील आणि गर्दीचे दिवस असतील, तर विचार करावा. मुंबईहून थेट सावंतवाडी-गोव्याकडे जाणाऱ्या कुटुंबांनाही ती सोयीची आहे, मात्र मोटारीत पाच माणसे असतील तर दोघांची दुसऱ्या गाडीने सोय करावी लागेल, हे विसरू नये.

ट्रकवाल्यांचे वेगळे. ज्यांचा माल मुंबई-भिवंडीहून थेट मंगळूर, केरळकडे जातो, किंवा तिकडून लाकूड, कौले, मसाल्याचे पदार्थ उत्तरेकडे येतात, त्यांनी ट्रकच्या रो-रोचा दर अवश्य विचारावा. मालाची उंची आणि एकूण वजन मर्यादेत असेल तरच ट्रक घेतला जातो. ताडपत्रीसह उंची मोजून न्यावी, नाहीतर स्टेशनावरून परत फिरावे लागते.

महामार्गाने जाताना

तेव्हा बहुतेकांना महामार्गच धरावा लागणार. हाच पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, आता ६६. याच्या चौपदरीकरणाची कहाणी सांगत बसलो तर पान पुरणार नाही. पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि २०२५ च्या गणपतीतही लोक माणगाव, इंदापूर, तसेच आपल्या जिल्ह्यात आरवली ते कांटे-वाकेडच्या दरम्यान वळणरस्ते आणि खड्डे चुकवीत होते. चांगले झाले ते कशेडीला. बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूने खुला झाला आणि पुढे दुसऱ्या बाजूनेही. पोलादपूर-खेड मधला जुना घाट टळल्याने भरलेल्या गाडीचा अर्धा-पाऊण तास आणि बरेच डिझेल वाचते.

आंब्याच्या गाड्या पूर्वापार संध्याकाळी सुटून पहाटे वाशीत लागतात. त्यामागे शहाणपण आहे. उन्हात पेटीतला माल तापत नाही आणि लिलावाच्या वेळेला तो दारात असतो. परंतु हीच वेळ मुंबईहून येणाऱ्या खासगी बसची असते. शुक्रवारी रात्री आणि मोठ्या सुट्टीच्या आदल्या रात्री तर वाहनांची रांग लागते. छोट्या व्यापाऱ्याने, ज्याची पिकअप एकट्याची आहे आणि माल लिलावाला नव्हे तर ठरलेल्या गिऱ्हाइकाला जायचा आहे, शक्य तर शुक्रवार-शनिवार टाळावा आणि सोमवार ते बुधवारची रात्र धरावी. संध्याकाळी सहाच्या सुमारास हातखंब्यावरून निघाले तर चिपळूणला जेवण, कशेडी दहा-साडेदहाला आणि माणगाव मध्यरात्रीच्या आसपास. त्या वेळी बाजारपेठेतील गर्दी नसते.

चालक एकच असेल तर मात्र हे गणित बदलावे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे ड्रायव्हरला दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. असा नियम कागदावरच राहतो, कारण मालक स्वतःच ड्रायव्हर असतो आणि स्वतःवर कोणी नियम लावत नाही. आमचे म्हणणे असे की ज्याने दिवसभर बागेत पेट्या भरल्या त्याने त्या रात्री स्टेअरिंगला हात लावू नये. दुसरा चालक हजार-दीड हजार रुपये घेईल, पण पेट्यांचा माल आणि घरची माणसे दोन्ही सुखरूप राहतील.

पुण्याला माल न्यायचा तर महाड-पनवेलमार्गे जाण्याचे कारण नाही. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराड, किंवा रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर गाठून पुढे हमरस्ता धरावा. पावसाळ्यात मात्र दोन्ही घाटांची खबर निघण्यापूर्वी घ्यावी.

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. रेल्वे म्हणजे खात्री आणि रस्ता म्हणजे धोका, असे समजणारे बरेच आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल वाहून गेला आणि त्यासोबत दोन एस.टी. बसेस व इतर वाहने गेली, ही जखम अजून ताजी आहे. परंतु जुलै २०२१ च्या चिपळूणच्या महापुरात रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडली होती, आणि १४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी येथे रुळावर दरड आल्याने कोकण रेल्वे दिवसभर ठप्प होती. एकेरी मार्ग असल्यामुळे एका ठिकाणी अडले की सगळ्या गाड्या अडतात. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग मुद्दामच कमी ठेवतात. तेव्हा जून ते सप्टेंबर कोणत्याही मार्गाने जा, गिऱ्हाइकाला तारीख देताना एक दिवस हाताशी राखून द्या.

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना शासन दरवर्षी ठरावीक दिवस बंदी घालते. त्याची अधिसूचना काही दिवस आधी निघते. बांधकामाचे साहित्य, लाकूड, फर्निचर नेणाऱ्यांनी भाद्रपद लागण्यापूर्वीच माल हलवावा.

कागदपत्रे

येथे आम्हाला थोडे सविस्तर लिहावयाचे आहे, कारण आपल्या छोट्या व्यापाऱ्यांचे नुकसान रस्त्यातील खड्ड्यांपेक्षा अपुऱ्या कागदांनी अधिक होते.

पहिली गोष्ट मोटारीच्या विम्याची. पुष्कळ जण घरच्या पांढऱ्या पाटीच्या मोटारीत मागची सीट काढून पेट्या किंवा कापडाचे गठ्ठे भरतात. खासगी मोटारीच्या पॉलिसीवर 'वापराच्या मर्यादा' असा मजकूर छापलेला असतो, त्यात स्वतःचे सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक वगळलेली असते. म्हणजे वाटेत अपघात झाला तर कंपनी हात वर करू शकते. पॉलिसी घरातील शिकलेल्या मुलाकडून एकदा वाचून घ्यावी. धंदा करायचा तर मालवाहू म्हणून नोंदलेली छोटी गाडी बरी. ज्या मालवाहू गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नाही, तिला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परवान्याची, म्हणजे परमिटची, गरज नाही. छोटा टेम्पो यात बसतो, मोठ्या पिकअप बसतीलच असे नाही. आर.सी. बुकावर आकडा असतो, तो पाहावा.

दुसरी गोष्ट ई-वे बिलाची. ताजा आंबा, ताजी मासळी यांना जीएसटी नाही आणि ई-वे बिलही लागत नाही. पल्प, लोणचे, काजूगर, तयार कपडे, फर्निचर यांचे तसे नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असा माल जात असेल तर ई-वे बिल हवे. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. रत्नागिरी-पणजी हे अंतर दोनशेच्या पुढे आहे, म्हणजे दोन दिवस मिळतात. गाडी रस्त्यात बिघडली आणि मुदत संपत आली तर ती वाढवून घेता येते, पण वेळेत.

कारागिरांनी पुढचे नीट वाचावे. ज्याची उलाढाल कमी आहे म्हणून जीएसटी नोंदणी नाही, असा हस्तकलेचा माल दुसऱ्या राज्यात नेणारा असेल, तर त्याला मालाची किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल काढावेच लागते. दहा हजारांच्या लाकडी कोरीव वस्तू घेऊन मडगावला निघालात तरीही. नोंदणी नसलेल्यालाही ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर ते काढता येते.

तिसरी गोष्ट दुसऱ्या राज्यात जाऊन तिथेच विक्री करण्याची. गोव्यात किंवा बेळगावात हंगामापुरता स्टॉल लावून करपात्र माल विकणाऱ्याला, त्याची उलाढाल लहान असली तरी, त्या राज्यात तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. कायद्यात याला 'कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन' म्हणतात. धंदा सुरू करण्याच्या किमान पाच दिवस आधी अर्ज, अंदाजे कर आगाऊ जमा, आणि मुदत ९० दिवस. ती आणखी ९० दिवस वाढू शकते. ठरावीक हस्तकला वस्तूंना, उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर, यातून सूट आहे. नुसता ताजा आंबा विकणाऱ्याला ही कटकट नाही. पण आंब्याच्या स्टॉलवर काजूगराची पाकिटे आणि लोणच्याच्या बरण्या मांडल्या की प्रश्न येतो. आपल्या कर सल्लागाराकडे निघण्यापूर्वी दहा दिवस जावे. परतल्यावर नोटीस घेऊन जाण्यात काय अर्थ?

रोजे, ईद आणि नमाज

हंगाम सूर्याच्या मानाने येतो आणि आपले सण चंद्राच्या. त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवसांचा फरक पडत जातो, आणि व्यापाऱ्याने तो आधी पाहिला पाहिजे. ईद-उल-फित्र २०२४ साली ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे रमजान हळूहळू आंब्याच्या मुख्य हंगामातून मागे सरकला आहे. ऐन एप्रिलमध्ये रोजा ठेवून रात्रभर गाडी चालविण्याची वेळ आता काही वर्षे येणार नाही. मात्र बकरी ईद उलट मे महिन्यात आली आहे. २०२६ साली मेच्या शेवटच्या आठवड्यात, २०२७ साली मेच्या मध्यास, २०२८ साली मेच्या पहिल्या आठवड्यात, चंद्रदर्शनावर एखाद्या दिवसाचा फरक. शाळांची सुट्टी, लग्ने, शेवटचा आंबा आणि ईद ही चारही एकत्र येणार आहेत. त्या आठवड्यात मुंबई-रत्नागिरी रस्ता आणि रेल्वेची तिकिटे दोन्ही मिळणे मुश्कील. ज्यांना कुटुंब गावी आणावयाचे आहे त्यांनी रेल्वेचे आरक्षण खुले होण्याचा दिवस, म्हणजे प्रवासाच्या साठ दिवस आधीचा, कॅलेंडरवर लिहून ठेवावा. कुटुंब रेल्वेने, आणि गाडी-माल एकट्याने रस्त्याने, ही विभागणी आम्हाला सर्वांत स्वस्त व शहाणपणाची वाटते.

प्रवासात रोजा सोडून नंतर पुरा करण्याची सवलत कुरआनने मुसाफिराला दिली आहे. नमाज कसर करण्याचीही. कोकणातील आपल्या बहुसंख्य जमाती शाफई मसलकाच्या, आणि त्यात मुसाफिराला जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्याची मुभा आहे. अंतराच्या व मुक्कामाच्या अटी आपल्या जमातीच्या आलिमांना विचारून घ्याव्यात. व्यवहारात याचा उपयोग असा, की वेळ चुकेल या धास्तीने गाडी भरधाव हाकण्याचे किंवा अंधारात वळणावर कडेला उभी करण्याचे कारण उरत नाही. चिपळूण, खेड, महाड, माणगाव येथे मशिदी आहेत, गाडी लावायला जागा आहे. कोलाडहून संध्याकाळी पाचच्या रेल्वेने जाणाऱ्याने असर स्टेशनावरच अदा करावी. मगरिब-इशा डब्यात होतील, आणि फजरच्या वेळी गाडी मुक्कामाजवळ असेल. मुसल्ला आणि वजूच्या पाण्याची बाटली मोटारीत ठेवू नये, हातातील पिशवीत घ्यावी. एकदा मोटार वॅगनवर चढली की मुक्कामापर्यंत तिच्यापाशी जाता येत नाही. पैसे, औषधे, जेवण आणि कागदपत्रे यांचेही तेच.

रत्नागिरीला थांबा मागायचा तर

शेवटी जे आमच्या मनात आहे ते लिहितो. मोटारींची गाडी रत्नागिरीवरून जाते आणि थांबत नाही, याबद्दल चहाच्या टपरीवर पुष्कळ बोलले गेले. परंतु थांबा म्हणजे दोन मिनिटे फलाटाला लागणे नव्हे. मोटारी चढवायला उतार लागतो, मुख्य मार्ग मोकळा ठेवून वॅगन उभ्या करायला बाजूची लाईन लागते आणि दीड-दोन तास लागतात. नांदगावला थांबा मिळाला, कारण तिथे मागणी नोंदवली गेली आणि जागेची सोय होती.

मागणी नोंदवायची तर भावना नव्हे, आकडे लागतात. आंबा बागायतदार, मिरकरवाड्याचे मासळी व्यापारी, लाकूड व फर्निचरवाले, हॉटेल व बेकरीवाले आणि मुंबईतील आपली मंडळे यांनी मिळून एवढेच लिहून काढावे : कोणत्या आठवड्यात, कोणत्या दिशेला, किती मोटारी आणि किती छोटे टेम्पो, आणि किती भाडे देण्याची तयारी. सोळा मोटारींची अट होती, म्हणजे एका फेरीसाठी सोळा नावे आधी पैसे भरून दाखवावी लागतील. आमच्या अंदाजाने रत्नागिरी-मुंबई या दिशेला मोटारींसाठी ती जमणे कठीण, कारण अंतर थोडे आणि भाडे जास्त. मालाने भरलेल्या छोट्या टेम्पोंसाठी, एप्रिल-मे या दोन महिन्यांत, आठवड्यातून दोन रात्री, रत्नागिरी ते कोलाड अशी फेरी मागितली तर तिच्यात तथ्य आहे. संध्याकाळी भरलेला टेम्पो चढवला, ड्रायव्हर झोपला आणि पहाटे कोलाडला उतरून बाजारात गेला. त्याचे भाडे टेम्पोमागे किती असावे म्हणजे पेटीमागे दहा-पंधरा रुपयांपेक्षा अधिक बोजा पडणार नाही, हे ज्यांच्या पेट्या जातात त्यांनीच काढायला हवे. गेल्या हंगामातील आपल्या फेऱ्या, पेट्या, डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा पगार यांची नोंद ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती आपल्या व्यापारी संघाकडे द्यावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी येत्या हंगामाच्या पहिल्या फेरीपासून एक वही गाडीतच ठेवावी.